आठ लाख हाती आले आहेत, गृहकर्ज फेडावे की गुंतवावे?

प्रश्न : मी कराड येथील एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षिका असून माझे वय ४६ वर्षे आहे. वार्षिक वेतन करपूर्व सुमारे १४ लाख रुपये आहे व मी नवी करपद्धती स्वीकारली आहे. यजमानांचे विद्युत उपकरणे दुरुस्तीचे दुकान असून त्यांचे उत्पन्न कमीजास्त होत असते. आमच्या गृहकर्जाची २२ लाख रुपये बाकी आहे, व्याजदर फ्लोटिंग, म्हणजे बाजारातील दरांप्रमाणे बदलणारा असून सध्या ७.८० टक्के आहे आणि अजून १२ वर्षे हप्ते भरायचे आहेत. गेल्या महिन्यात विम्याच्या एका पॉलिसीची मुदत संपून ८ लाख रुपये हाती आले, ते बचत खात्यातच आहेत. सासरे म्हणतात, सगळे पैसे कर्जात भरून मोकळी हो. पुण्याला असलेले दीर म्हणतात, इतके स्वस्त कर्ज पुन्हा मिळणार नाही, पैसे म्युच्युअल फंडात टाक. मुलगी दोन वर्षांनी बारावी होईल. दरमहा सारे भागवून साधारण १० हजार रुपये उरतात. काय करावे?

उत्तर : आपल्या सासऱ्यांचे आणि दिरांचे म्हणणे आपापल्या जागी चुकीचे नाही, परंतु दोघांनीही मुलीच्या बारावीचा विचार केलेला दिसत नाही, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा तपशील तोच आहे. त्याकडे येण्यापूर्वी, हे कर्ज आपल्याला खरोखर किती स्वस्त पडते ते पाहू.

कर्जात भरलेला प्रत्येक रुपया पुढे लागणारे ७.८० टक्के व्याज वाचवतो. ही वाचलेली रक्कम उत्पन्न म्हणून कोठेही धरली जात नाही, त्यामुळे तिच्यावर कर नाही, आणि बाजार चढो वा पडो, ती वाचतेच. म्हणजे मुदतपूर्व परतफेड ही ७.८० टक्क्यांची, करमुक्त आणि बिनजोखमीची गुंतवणूक मानता येते. गृहकर्ज स्वस्त असते हा समज पूर्वी अधिक खरा होता, कारण स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची वर्षाला २ लाख रुपयांपर्यंतची वजावट मिळत असे. जुन्या करपद्धतीत ती आजही मिळते आणि ज्यांच्या उत्पन्नाचा वरचा भाग ३० टक्क्यांच्या टप्प्यात येतो, त्यांना ७.८० टक्क्यांचे कर्ज कर वाचल्यानंतर ५.४० टक्क्यांच्या आसपास पडते. नव्या करपद्धतीत मात्र राहत्या घरासाठी ही वजावट नाही. आपले वेतन आणि व्याजाची रक्कम पाहता नवी पद्धतच आपल्याला लाभाची दिसते, तेव्हा ती बदलण्याचे कारण नाही, पण आपल्यासाठी या कर्जाची किंमत पुरती ७.८० टक्के आहे, एवढे लक्षात ठेवावे. पुढच्या महिन्याच्या आपल्या २३,५७३ रुपयांच्या हप्त्यापैकी १४,३०० रुपये व्याजातच जातील.

आता दुसरी बाजू. पैसे गुंतवायचे म्हणजे नेमके कशात, हे ठरल्याशिवाय तुलना होऊ शकत नाही. बँकेच्या ६.५० टक्क्यांच्या मुदत ठेवीवर आपल्या १५ टक्क्यांच्या टप्प्यानुसार उपकरासह कर गेला, की हाती साडेपाच टक्के उरतात. एका खिशातून ७.८० टक्के देत राहायचे आणि दुसऱ्या खिशात साडेपाच टक्के घ्यायचे, हा व्यवहार कितीही वर्षे केला तरी तोट्याचाच आहे. तरीही आपल्याकडे फार मोठ्या संख्येने कर्जदार कुटुंबे हेच करत असतात, कारण ठेवीची पावती कपाटात दिसते आणि व्याज खात्यातून आपोआप जाते.

प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो शेअर बाजाराशी निगडित फंडांच्या बाबतीत, आणि तेथे एक नेहमीची गफलत टाळली पाहिजे. “आठ लाख भरले तर आठ लाख वीस हजार व्याज वाचेल, आठ लाख गुंतवले तर बारा वर्षांत अठ्ठावीस लाख होतील” अशी तुलना एजंट मंडळी करून दाखवतात. आकडे चुकीचे नाहीत, तुलना चुकीची आहे. आठ लाख भरून हप्ता तोच ठेवला, तर आपले कर्ज १४४ महिन्यांऐवजी ७६ महिन्यांत संपते आणि त्यानंतरची साडेपाच वर्षांहून अधिक काळाची हप्त्याची रक्कम आपल्या हाती मोकळी राहते. ती दरमहा गुंतवली असे धरूनच दोन्ही मार्गांची तुलना व्हायला हवी.

तसा हिशेब मी मांडला. फंडाचा परतावा वर्षाला ११ टक्के धरला आणि वर्षभरापेक्षा अधिक काळ ठेवलेल्या समभागांवरील नफ्यापैकी वार्षिक सव्वा लाख सोडून उरलेल्यावर साडेबारा टक्के कर व त्यावरील उपकर वजा केला, तर आठ लाख आजच गुंतवणाऱ्याकडे बारा वर्षांनी सुमारे साडेपंचवीस लाख असतील. आधी कर्ज फेडून मग हप्त्याएवढी रक्कम त्याच फंडात दरमहा टाकणाऱ्याकडे सुमारे साडेएकवीस लाख असतील. दिरांच्या सल्ल्याचा लाभ चार लाखांचा. परतावा ८ टक्केच मिळाला, तर मात्र चित्र उलटते आणि आधी कर्ज फेडणारा सुमारे १ लाख २० हजारांनी पुढे राहतो. मुदत ठेवींच्या बाबतीत हाच फरक पावणेचार लाखांच्या आसपास जातो, तोही कर्ज फेडणाऱ्याच्या बाजूने.

म्हणजे बारा वर्षे बाजाराची जोखीम अंगावर घेण्याचा मोबदला, सारे नीट घडले तर, चार लाख रुपये. तो घेऊ नये असे मी म्हणणार नाही. आपले दीर तरुण असतील, त्यांच्या पगारात दरवर्षी वाढ होत असेल आणि मध्येच पैशांची गरज पडणार नसेल, तर त्यांच्यासाठी तो योग्यही असेल. पण ‘बारा वर्षे’ ही अट कागदावर जेवढी सोपी दिसते तेवढी ती प्रत्यक्षात नसते. २००७ अखेर सेन्सेक्स २०,२८७ वर बंद झाला होता आणि २००८ अखेर तो ९,६४७ वर होता. पुढे २०१० मध्ये तो काही काळ २१ हजारांवर जाऊन आला, परंतु त्या पातळीवर टिकून राहायला २०१३ चे वर्ष सरत आले. या काळात गृहकर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला जातच होता. हातात असलेले आठ लाख साडेचार लाख झालेले पाहूनही जो फंडाला हात लावत नाही, त्यालाच तो सरासरी परतावा मिळतो. आपण आजवर बाजारात एक रुपयाही गुंतवलेला नसेल, तर आपण त्यांपैकी आहात की नाही हे आपल्यालाही माहीत असण्याचे कारण नाही, आणि ते आठ लाख पणाला लावून शोधू नये.

आता मुलीकडे येऊ. दोन वर्षांनी तिच्या प्रवेशाचा खर्च उभा राहील. कर्जात भरलेले पैसे परत मागता येत नाहीत. घरावर टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावर वाढीव कर्ज मिळू शकते, पण त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा छाननी आणि बहुधा वाढीव दर असतो. शैक्षणिक कर्ज गृहकर्जापेक्षा सहसा महाग असते. आज ७.८० टक्क्यांचे कर्ज संपवण्यासाठी सगळी शिल्लक रिकामी करायची आणि दोन वर्षांनी त्याहून चढ्या दराने नवे कर्ज काढायचे, यात शहाणपण नाही. तीच रक्कम दोन वर्षांसाठी शेअर बाजारात ठेवणे तर त्याहून वाईट, कारण प्रवेशाची तारीख बाजाराकडे बघून ठरत नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे. सुमारे २ लाख रुपये, म्हणजे हप्ता धरून घरखर्चाच्या साधारण तीन महिन्यांएवढी रक्कम, अडीअडचणीसाठी लहान लहान ठेवींत ठेवावी. आपली नोकरी पक्की असली तरी दुकानाचे उत्पन्न कमीजास्त होणारे आहे, त्यामुळे हा भाग वगळू नये. ३ लाख रुपये मुलीच्या पहिल्या वर्षासाठी दोन वर्षांच्या मुदत ठेवीत घालावेत. त्यावर करोत्तर साडेपाच टक्केच मिळतील हे मान्य आहे, परंतु येथे आपण परतावा नव्हे तर वेळेवर हाती येणारी रक्कम विकत घेत आहात. उरलेले ३ लाख कर्जात भरावेत. हप्ता तोच ठेवल्यास कर्ज २९ महिने आधी संपेल आणि सुमारे ३ लाख ९४ हजार रुपये व्याज वाचेल. आपण ५८ व्या वर्षी निवृत्त व्हाल तेव्हाच आजच्या हिशेबाने शेवटचा हप्ता येतो. तो साडेपंचावन्नाव्या वर्षी आला, तर निवृत्तीपूर्वीची अडीच वर्षे पूर्ण पगार आपला असेल, ही गोष्ट मला व्याजाच्या आकड्याहून मोलाची वाटते.

दिरांचा सल्ला दरमहा उरणाऱ्या १० हजारांसाठी जरूर मानावा. एखाद्या साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातील समभागांतच पैसे ठेवणाऱ्या फंडात, त्यातील ७-८ हजारांची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक सुरू करावी. रक्कम मासिक आणि मुदत बारा वर्षांची असल्यामुळे एखादे वर्ष वाईट गेले तरी त्याच हप्त्यात अधिक युनिट मिळतात, आणि घसरण सोसण्याची आपली तयारी किती आहे तेही कमी खर्चात कळते.

बँकेत जाण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. रिझर्व्ह बँकेने २०२५ या वर्षात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने अल्प मुदतीचे कर्ज देते तो दर, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली फ्लोटिंग गृहकर्जे बँकेबाहेर ठरणाऱ्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशी, जोडलेली आहेत, पण त्याआधीची अनेक कर्जे अजून जुन्या पद्धतीच्या दराशी बांधलेली आहेत व तेथे कपात उशिरा आणि अपुरी पोहोचते. आपले कर्ज कोणत्या दराशी जोडले आहे आणि त्याच बँकेत आज नव्या ग्राहकाला काय दर मिळतो, हे लेखी विचारावे. फरक अर्ध्या टक्क्याचा निघाला, तर थोडे शुल्क भरून दर बदलून घेणे हे एक रुपयाही न फेडता केलेल्या परतफेडीसारखेच आहे. दुसरे असे, की तीन लाख भरताना अर्जात “हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी” असे स्पष्ट लिहावे आणि नवे परतफेडीचे वेळापत्रक मागून घ्यावे. काही ठिकाणी न सांगता हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवली जाते. तसे झाल्यास आपला हप्ता सुमारे ३,२०० रुपयांनी उतरेल, ती रक्कम घरखर्चात विरून जाईल आणि व्याजाची बचत ३ लाख ९४ हजारांऐवजी १ लाख ६३ हजारांवर येईल. व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीसाठी कोणताही दंड आकारता येत नाही, तेव्हा त्या नावाखाली काही मागितले गेल्यास नियम दाखवण्यास सांगावे.

प्रश्न : मी औसा तालुक्यातील शेतकरी आहे. गावच्या विकास सोसायटीतून २ लाख ४० हजारांचे पीककर्ज उचलले आहे. त्याशिवाय सोने गहाण ठेवून १२ टक्के दराने १ लाख २० हजार घेतले आहेत. सोयाबीन विकून खर्च वजा जाता ३ लाख रुपये हाती आहेत. पीककर्ज आताच भरून टाकावे की मुदतीपर्यंत पैसे ठेवीत ठेवावेत? गावात काही जण म्हणतात, कर्जमाफी होईल, भरूच नका.

उत्तर : आपल्याकडचे पीककर्ज हे खऱ्या अर्थाने स्वस्त कर्ज आहे. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्राच्या सवलतीमुळे मूळ दर ७ टक्के लागतो, वेळेवर परतफेड केल्यास त्यातील ३ टक्के आणखी कमी होतात, आणि उरलेला भार राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना उचलते, त्यामुळे वेळेत फेडणाऱ्याला ते शून्य टक्क्याने पडते. अशा कर्जात मुदतीच्या सहा महिने आधी पैसे भरून आपल्याला काहीही मिळत नाही. त्याउलट सोन्यावरचे कर्ज दरमहा १,२०० रुपये खात आहे. तेव्हा आज १ लाख २० हजार भरून दागिने सोडवून आणावेत.

उरलेले १ लाख ८० हजार मुदतीपर्यंत ठेवीत ठेवता येतील, मात्र ते कर्जफेडीचे पैसे आहेत, खतासाठी किंवा लग्नासाठी हात घालण्याची थैली नव्हे, हे घरात सर्वांना सांगून ठेवावे. कमी पडणारे ६० हजार तूर आणि हरभऱ्यातून उभे करावे लागतील. रब्बीची खात्री नसेल, तर सोन्याच्या कर्जापैकी काही भाग थांबवून पीककर्जाची पूर्ण तजवीज आधी करावी, कारण मुदत एक दिवसाने जरी हुकली तरी सवलत जाते. २ लाख ४० हजारांवर ७ टक्क्यांनी वर्षाचे व्याजच १६,८०० रुपये होते आणि त्यापुढे नेहमीचा चढा दर लागतो. परतफेडीची शेवटची तारीख गटसचिवांकडून पासबुकावर लिहून घ्यावी, ‘मार्चअखेर’ किंवा ‘जूनअखेर’ अशा तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. काही ठिकाणी व्याज आधी भरून घेतले जाते आणि सवलतीची रक्कम मागाहून खात्यात येते, म्हणून थोडी रक्कम वरती धरून चालावे. नवे-जुने करतानाही, म्हणजे जुने कर्ज भरून लगेच नवे उचलतानाही, ज्या दिवशी पैसे भरले त्याच दिवसाची पावती घ्यावी.

कर्जमाफीविषयी एवढेच, की २०१७ ची योजना दीड लाखांपर्यंत आणि २०१९ ची महात्मा जोतिराव फुले योजना दोन लाखांपर्यंत होती, दोन्हींमध्ये तारखांच्या आणि थकबाकीच्या अटी होत्या, आणि त्या जाहीर होण्याआधी कोणालाही ठाऊक नव्हत्या. दुसऱ्या योजनेत नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम मिळाली. माफीच्या भरवशावर थकवलेल्या कर्जाला नवे पीककर्ज मिळत नाही, आणि मग पेरणीसाठी सावकाराकडे जावे लागते. त्याचे कर्ज या दोन्ही योजनांत नव्हते.

प्रश्न : मी डोंबिवलीत राहणारा सेवानिवृत्त कर्मचारी आहे. गृहकर्जाचे १ लाख ९० हजार रुपये आणि १४ हप्ते राहिले आहेत, व्याज ८ टक्के आहे. ७ टक्क्यांची एक ठेव तीन महिन्यांनी पूर्ण होते. ती मोडून कर्ज बंद करावे का? शेजारी म्हणतात, थोडी बाकी ठेवा, म्हणजे घराची कागदपत्रे बँकेत सुरक्षित राहतील.

उत्तर : ठेव मोडू नये. कर्जाच्या शेवटच्या टप्प्यात हप्त्यातील व्याजाचा भाग अगदी थोडा असतो, आपल्या पुढच्या हप्त्यात तो जेमतेम १,२७० रुपये आहे. ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास व्याजदरात कपात होईल आणि वाचणाऱ्या व्याजातील बराच भाग तेथेच जाईल. ठेव पूर्ण होऊ द्यावी आणि त्या वेळी राहिलेली रक्कम एकदम भरून खाते बंद करावे. तोवरही आणि त्यानंतरही निर्णय कोणताही घेतला तरी फरक हजार-दीड हजारांचाच आहे, त्यावर झोप घालवू नये.

शेजाऱ्यांचा सल्ला मात्र मानू नये. कागदपत्रे सुरक्षित ठेवण्यासाठी लॉकर असतो, कर्ज नव्हे. बाकी शिल्लक असेतोवर गहाणाची नोंद कायम राहते, आणि उद्या घर विकायचे किंवा मुलांच्या नावे करायचे झाले तर ती नोंद मिटवण्याची धावपळ वारसांना करावी लागते. १ डिसेंबर २०२३ पासून लागू असलेल्या नियमानुसार पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे बँकेवर बंधनकारक असून, तिच्याकडून उशीर झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. खाते बंद करताना बाकी नसल्याचा दाखला, मूळ करारनामा आणि सूची क्रमांक दोन (घराच्या दस्तनोंदणीचा उतारा, इंडेक्स टू) यांची नोंद असलेली पोच घ्यावी, सेरसाय या केंद्रीय नोंदवहीतील गहाणाची नोंद रद्द झाल्याचे पत्र मागावे, आणि बँकेचे नाहरकत पत्र सोसायटीच्या सचिवांना देऊन भागदाखला व नोंदवही यांवर असलेली बँकेच्या कर्जाची नोंद काढून घ्यावी.